आकड्याची खांदशेकणी

मी एक जुनी गाडी आहे, पण साधीसुधी नाही हं, मित्रांनो! दूरच्या थंड देशात कारागिरांनी मला हाताने घडवले. डोंगर चढावा, नदी तुडवावी आणि आत बसलेल्याच्या पोटातले पाणीही हलू नये, यासाठी माझा जन्म. मऊ कातड्याच्या गाद्या, दोन आसनांमध्ये इवलासा फ्रिज. माझ्यासारख्या मोजक्याच निघाल्या आणि कारखाना बंद पडला. त्याचा मला थोडा गर्व आहे, तो तुम्ही सांभाळून घ्या.

गोसीखुर्दला धरणाच्या कामावर एका ठेकेदाराने मला आणले. साहेब लोक येत, फ्रिजमधले थंडगार पाणी पीत, माझी तारीफ करीत. काम संपले. ठेकेदाराने नवी गाडी घेतली आणि मला ड्रायव्हर टिकारामच्या हवाली केले.

टिकारामचे जुने गाव धरणाच्या पाण्यात गेले होते. नव्या गावठाणात गुरांना चराई नव्हती, म्हणून त्याने बैल विकले होते. आता शेतीला मी! गाद्यांवर धानाची रोपे लादली. फ्रिजमध्ये त्याच्या बायकोने, ललिताबाईंनी, कोंबडीची अंडी ठेवली. आधी मी रुसले. पण रोवणीच्या दिवसांत कुणाचा ट्रॅक्टर बांधीच्या, म्हणजे धानाच्या शेताच्या, चिखलात फसला की माणसे टिकारामच्या दारी धावत येत. माझ्या पुढच्या आकड्याला दोर बांधत. मी जोर लावला की ट्रॅक्टर बाहेर! असा मान साहेबांनी कधी दिला नव्हता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी असते, म्हणजे वर्षभर जू ओढून दमलेले त्यांचे खांदे शेकायचे. टिकाराम पळसाच्या पानाने माझ्या आकड्यालाच लोणी-हळद लावी. "हाच हिचा खांद हाये," म्हणे. मग हात जोडी, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"डिझेल पेनारीले पुरनपोळी चारता का जी?" ललिताबाई हसत. पण दुसऱ्या दिवशी नैवेद्य त्याच ठेवत.

गेल्या वर्षी माझा गिअरबॉक्स मोडला. सुटा भाग भंडाऱ्यात मिळेना, नागपुरात मिळेना. रोवणीचा सगळा हंगाम मी मांडवात उभी. टिकारामला ते बघवेना. अशात नागपूरचे घनश्यामबाबू आले. त्यांना दुर्मीळ गाड्यांचा शौक. भाग परदेशातून आणवतो म्हणाले. टिकारामने एकच अट घातली.

"न्या जी. पन चालवजा. उभी ठेवू नोका इले."

घनश्यामबाबूंनी शब्द दिला. मला दुरुस्त केले, लखलखीत रंग दिला आणि काचेच्या दालनात नेऊन उभे केले.

यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी टिकाराम तिथे आला. हातात लोण्याचा डबा आणि पळसाचे पान. माझा जीव सुपाएवढा झाला. घनश्यामबाबूही खूश. "लावा काका, मी फोटो काढतो!"

टिकारामने पान पुढे केले, पण आधी आकड्यावरून बोट फिरवले. नवी चकाकी. दोराचा एकही ओरखडा नाही.

"वर्षभर काय वढलं इनं?"

"ओढायला कशाला लावू? अशी गाडी शोधून सापडायची नाही, काका."

"मंग खांद कायचा शेकू, बाबू?"

त्याने पान घडी करून खिशात ठेवले आणि आवतन न देताच निघून गेला.

मित्रांनो, मला फार वाईट वाटले, पण टिकारामचा राग आला नाही. तुम्ही आपल्या वस्तू जपा, पुसा, तेलपाणी करा. पण त्यांना कामाला लावायला विसरू नका. माझे इंजिन अजून ठणठणीत आहे. कुणाचा ट्रॅक्टर बांधीत फसला असेल, तर घनश्यामबाबूंना येऊन सांगा. दोर तेवढा घेऊन या.