बॅटरी उतरली, असं सांगितलं

मित्रांनो, या संग्रहालयात शिरलात की तुम्ही आधी धावता ते त्या टोकदार नाकाच्या लढाऊ विमानाकडे. धावा, धावा. मला त्याचं काही वाटत नाही. म्हणजे, थोडं वाटतं, पण ते जाऊ द्या. हिंडून हिंडून पाय दुखायला लागले की तुम्ही माझ्या पंखाखाली येऊन बसता आणि बाटलीतलं पाणी पिता. तेवढ्या वेळात माझी गोष्ट ऐकून घ्या. मी एक जुनं, ढेरपोटं मालवाहू विमान आहे. नाकावर एकच इंजिन, त्यावर एकच मोठा पंखा, आणि पोट मात्र चौघांचं एकट्याला दिलेलं. माझ्याबरोबर उडणाऱ्यांनी ते पोट बघून पहिल्याच महिन्यात माझं नाव 'मावशी' ठेवलं. तेव्हापासून मी मावशीच, म्हणून बोलणारही मावशीसारखीच.

मला घडवलं ते दोघी बहिणींनी. तशी पुष्कळ माणसं राबली असतील, पण माझ्या लक्षात या दोघी राहिल्या. एक बाहेर उभी राहून पत्र्यावर रिव्हेट ठोकायची, दुसरी आत पोटात बसून लोखंडाचा ठोकळा धरायची. आतली सारखी ओरडायची, "अगं हळू, कान गेले माझे!" बाहेरची म्हणायची, "गेले तर गेले. तसंही तू कुणाचं ऐकतेस कुठे?" असं भांडत भांडत त्यांनी मला इतकं घट्ट शिवलं की आजपर्यंत माझा एक सांधा सैल झालेला नाही.

मग मी उडाले. किती वर्षं उडाले, विचारू नका, विमानांना वय विचारत नाहीत. टपाल नेलं, औषधं नेली, बियाणं नेलं. शेळ्या नेल्या, त्यांनी माझ्या आसनांचे पट्टे खाल्ले. एकदा तर एका अडलेल्या बाईला दवाखान्यात नेताना बाळ माझ्या पोटातच जन्मलं, आणि उतरताना मी एक माणूस जास्त घेऊन उतरले. माझा वैमानिक तेव्हा पोरसवदा होता, नंतर कप्तान झाला. बाकीचे वैमानिक येऊन थेट शिडी चढायचे. हा आधी माझ्या नाकापाशी यायचा, पंख्याचं पातं दोन्ही हातांनी धरायचा आणि सावकाश, एकेक पातं करत, पंखा फिरवायचा.

आता इथे जरा लक्ष द्या. माझ्या इंजिनाचे सिलिंडर चाकाच्या आऱ्यांसारखे गोल मांडलेले आहेत, काही वर, काही खाली. मी उभी राहिले की तेल झिरपत झिरपत खालच्या सिलिंडरांत जाऊन साचतं. हवा दाबली तर दबते, पण तेल काही केल्या दबत नाही. तसंच इंजिन चालू केलं तर आतला दांडा त्या तेलावर आपटून वाकतो. म्हणून चालू करण्याआधी पंखा हाताने फिरवून बघायचा. अडला, तर खालचा प्लग काढून तेल सांडून द्यायचं. काम साधं आहे, पण हात काळे होतात आणि धीर लागतो. कप्तानने एकदाही ते चुकवलं नाही. "मावशीला झोपेतून उठवायचं तर हाताने उठवावं, लाथेने नाही," असं तो म्हणायचा.

पुढे माझं उडणं थांबलं आणि मी इथे आले. कप्तानही म्हातारे झाले. (बघा, आता मीसुद्धा त्यांना अहोजाहो करते!) त्यांची दृष्टी गेली. शहराच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्यांत ते राहायचे, सोबतीला एक परिचारक. पण त्यांची मुलगी इथल्या कार्यशाळेची प्रमुख झाली. सगळे तिला ताई म्हणतात. सोमवारी संग्रहालय बंद असतं. त्या दिवशी ताई यायची, माझं नाक पुसायची, पंखा फिरवायची आणि तोंडाने सारखी बडबडायची. तिच्या बडबडीतूनच मला कळायचं की इथून ती थेट बाबांकडे जेवायला जाते. दारातच ते म्हणायचे, "हात बघू." आंधळा माणूस हात काय बघणार? ते तिचे हात नाकाशी धरायचे. तेलाचा वास आला की म्हणायचे, "फिरवलीस. छान. आता वाढ."

इथे समारंभ फार. तुम्ही वाढदिवसाला येता, शाळा बक्षीस वाटायला येतात, नवी जोडपी फोटो काढायला येतात, कंपन्यांचे लोक टाय लावून नाचायला येतात. आमचे व्यवस्थापक कशालाच नाही म्हणत नाहीत. माझ्या पंखावर केकचा ट्रे ठेवू? "होऊन जाऊ दे!" माझ्या शेपटीला फुगे बांधू? "होऊन जाऊ दे!" कामगारांनी त्यांचं नावच होऊनजाऊदेसाहेब पाडलंय. माणूस वाईट नाही हो. त्याला गर्दी हवी असते, आणि रिकाम्या दालनात मलाही करमत नाही. चिकटपट्टी ओढून काढताना रंग जातो तेव्हा मात्र कळवळायला होतं.

माझा खरा दिवस म्हणजे संग्रहालयाचा वर्धापन दिन. त्या दिवशी मला ओढून बाहेर पटांगणात आणायचे आणि इंजिन चालू करायचे. मी दोनदा खोकायचे, धुराचा लोट सोडायचे आणि मग अशी काही लागायचे की पुढच्या रांगेतल्यांच्या टोप्या उडायच्या. कप्तान खुर्चीत माझ्याकडे तोंड करून बसायचे. त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू यायचं, त्याच्यासाठी मी वर्षभर फुगे सहन करत होते, खोटं कशाला बोलू?

मग सुवर्णमहोत्सव आला. कप्तानांची तब्येत पार खालावली होती. डॉक्टर म्हणाले होते, पुढच्या वर्षी यांना बाहेर नेता येईल असं धरून चालू नका. त्या सोमवारी पंखा फिरवताना ताई मला म्हणाली, "मावशे, बाबा म्हणतात, एवढ्या खेपेला तिचा आवाज ऐकू दे, मग पुढचं पुढे. नीट बोल हं." मी काय बोलणार? पण मनात म्हटलं, बोलेन, अशी बोलेन की काचा हादरतील.

समारंभाच्या आदल्या दिवशी सजावटवाला आला. त्याने माझ्या पंख्याला फुलांचं भलंमोठं चक्र बांधलं, तेही तारेने. ताई म्हणाली, "दादा, उद्या सकाळी मला पंखा फिरवायचाय." तो म्हणाला, "फिरवलात तर फुलं झडतील बाई. पाहुण्यांनी फीत कापली की मी चक्र काढतो, मग काय ते फिरवा." ताई बरं म्हणाली. ठरलं तर सगळं नीटच होतं.

पण भाषणं! मित्रांनो, मी वादळातून उडाले आहे, पण भाषणासारखं न संपणारं दुसरं काही बघितलं नाही. एकाने विमानविद्येचा इतिहास सुरू केला तो थेट पक्ष्यांपासून. ऊन सरकत सरकत कप्तानांच्या खुर्चीवर आलं. छत्री धरली, पाणी दिलं. ताई शिडीपाशी उभी होती, तिची नजर सारखी त्या खुर्चीकडे. शेवटी परिचारक तिच्याजवळ आला.

"ताई, यांना न्यायला हवं आता. घामाने भिजलेत आणि हात गार पडलेत."

"कुठे न्यायचं नाही मला," कप्तान तिकडून म्हणाले. "सावकाश होऊ दे गं. मी बसतो."

सावकाश, असं ते स्वतः म्हणाले होते! पण मुलीला बापाचा आवाज ऐकू आला नाही, तिला त्याचे कोरडे ओठ दिसले. फीत कापली, सजावटवाल्याने तार तोडून चक्र उतरवलं. वाजंत्री वाजवणारे सरसावले. व्यवस्थापक घड्याळ दाखवत म्हणाले, "ताई, होऊन जाऊ दे!" ताईने पंख्याकडे बघितलं, मग बाबांकडे बघितलं. "सोमवारी तर फिरवला होता," असं काहीतरी स्वतःशीच पुटपुटली आणि शिडी चढली.

माझ्या खालच्या सिलिंडरांत तेल साचलं होतं. मला ते कळत होतं. पोटात दुखतं ते तुम्ही आईला सांगता, मी कुणाला सांगणार? ताईने बटण दाबलं. पंखा अर्धा फिरला आणि आतून आवाज आला, ठक्. एकच. मग सगळं शांत.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, एवढंच असतं. वाजंत्रीही सुरू झाली. ताई आत माझ्या आसनावर बसून होती आणि तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. ती खाली उतरली तेव्हा व्यवस्थापक कानाशी लागून म्हणाले, "बॅटरी उतरली म्हणून सांगू. आजच्या दिवशी कशाला उगाच?" ताई बाबांच्या खुर्चीपाशी गेली.

"बाबा, बॅटरी उतरली."

"बॅटरी," कप्तान म्हणाले. "बरं. पुढच्या वर्षी."

नंतर कार्यशाळेत माझं इंजिन उघडलं. दांडा वाकला होता, त्याच्या धक्क्याने बाहेरचं कवच तडकलं होतं. तसले भाग आता जगात कुणी करत नाही. मला पुन्हा बंद केलं, पुसलं, दालनात आणून ठेवलं. बघणाऱ्याला काही फरक कळला नाही. फुगे बांधायला तर मी आधीपेक्षा सोयीची झाले.

मोडल्याचं दुःख मी गिळलं असतं. यंत्र आहे, कधीतरी मोडणारच. पण ताईने सोमवारी यायचं सोडलं. इतर दिवशी ती दालनातून जायची ती समोरच्या भिंतीच्या कडेने, माझ्याकडे न बघता. आणि एकदा फोनवर बोलताना मी ऐकलं. "नाही बाबा, या सोमवारीही नाही जमणार. काम आहे." तिला काही काम नव्हतं. तिच्या हातांना तेलाचा वास नव्हता, आणि बाबा दारातच 'हात बघू' म्हणणार, हे तिला ठाऊक होतं. एक खोटं बोलून ठेवलं की त्याच्या राखणीला माणूस बसवावा लागतो. माझ्या ताईने स्वतःलाच बसवलं. ऋतू बदलले, किती समारंभ झाले, पण ती काही बाबांकडे नीट गेली नाही. गेली तरी उभ्याउभ्या, परिचारकाच्या हातात औषधं देऊन परत.

डॉक्टरांचं म्हणणं खोटं ठरवून कप्तान पुढच्या वर्धापन दिनालाही आले. व्यवस्थापकांनीच हौसेने गाडी पाठवली होती. आणि हौसेनेच त्यांनी माझ्या नाकामागे एक मोठा ध्वनिवर्धक लपवला होता. कळ दाबताच त्यातून इंजिनाची घरघर सुरू झाली, कुठल्याशा भलत्याच विमानाची. मुलं नाचायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कप्तानांनी मान तिरकी केली. "ही कोण?"

"मावशी, बाबा," ताई म्हणाली.

"छे. मावशी दोनदा खोकायची, मग लागायची. ही कुणीतरी नटूनथटून आलेली दिसते."

ताईने व्यवस्थापकांना हाताने खूण केली. घरघर थांबली. ती बाबांच्या खुर्चीपुढे खाली जमिनीवरच बसली.

"बाबा, बॅटरी नव्हती उतरली. मी पंखा फिरवलाच नाही त्या दिवशी. दांडा वाकला. ती आता कधीच चालू व्हायची नाही. माझ्यामुळे झालं."

"माहीत आहे मला."

"कसं?"

"अगं, डोळे गेलेत माझे, कान नाही गेले. ठक् झालेलं ऐकलं ना मी. बॅटरी उतरलेलं विमान कण्हतं, ठक् करत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बॅटरी म्हणालीस. म्हटलं, पोरीला आज बॅटरीच म्हणायचंय तर बॅटरी. सोमवारी जेवायला येईल तेव्हा सांगेल आपणहून. तू आलीच नाहीस गं सोमवारी."

"कुठल्या तोंडाने येणार होते मी तुमच्यासमोर?"

"कुठल्याही यायचं होतंस. मला कुठे दिसणार होतं?"

ताईला हसू फुटलं आणि त्या हसण्यातूनच ती रडायला लागली. कप्तानांनी चाचपडत तिचे हात शोधले, नाकाशी नेले, आणि वास नसलेले ते हात तसेच कितीतरी वेळ धरून ठेवले.

त्यानंतर सोमवार पुन्हा सुरू झाले. पण थोडेच. पुढचा हिवाळा कप्तानांना झेपला नाही.

मित्रांनो, माझ्या अंगाला चिकटपट्टी लावू नका, पंखावर केक ठेवू नका, जुन्या यंत्रांना घाई करू नका, हे सगळं मला सांगायचंच होतं. ते पाटीवरही लिहिलेलं आहे, येता-जाता वाचा. पण त्याहून मोठं सांगणं वेगळं आहे. तुमच्या हातून काही मोडलं, तर बॅटरी उतरली म्हणू नका. मोडलं म्हणा. रागावतील, बोलतील, मग वाढतील आणि जेवायला बसवतील.

ताई सोमवारी अजून येते. माझा पंखा आता फिरत नाही, तरी पात्यांना तेल लावते. काम झालं की घड्याळ बघते, आणि मग तिथेच स्टुलावर बसून राहते, कारण जायला ते घर उरलेलं नाही. तुम्हाला असं एखादं घर अजून असेल, तर माझ्यापाशी बसून राहू नका. बाटलीचं झाकण लावा, उठा, आणि आजच जाऊन सांगून या.