गादीच्या खोळीतलं हमीपत्र

मायाच्या तेरवीची जेवणं आटोपली, पाहुणे गेले, आणि माझी मुलगी रागिणी आतल्या खोलीत गेली. थोड्या वेळाने बाहेर येऊन तिने विचारलं, "बाबा, आईच्या गादीच्या खोळीत लिफाफा होता, तो कुठी आहे?"

गादी तिसऱ्याच दिवशी गेली होती. आमच्याकडे मयताचं अंथरूण घरात ठेवत नाहीत. मायाचा भाऊ बंडू गादी, उशी आणि तिची दोन पातळं ऑटोत घालून स्मशानात घेऊन गेला आणि तिथे जाळून आला. हे मी रागिणीला सांगितलं. आतल्या कागदांचे फोटो तरी काढले होते ना, आई तर म्हणाली तुम्ही काढलेत, असं तिने विचारलं. मी नाही म्हणालो. गादीचं ध्यानातच आलं नाही, असंही म्हणालो.

ते खोटं आहे. मी एसटीच्या अमरावतीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं मेकॅनिक होतो. लिहिण्याची सवय नाही, म्हणून जसं झालं तसं सांगतो.

मायाचे आजोबा चंद्रभानजी यांचं अकोटला कापसाचं जिनिंग होतं. १९३५ साली तिथे जर्मन इंजिन बसवायला ओट्टो वाइल नावाचा एक तरुण आला. धर्माने ज्यू. चार महिने आजोबांच्या घरी जेवला आणि परत गेला. तीन वर्षांनी जर्मनीत ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळली आणि पुरुषांना धरून छावण्यांत कोंबलं. ज्याच्याकडे दुसऱ्या देशात जायचा परवाना असेल त्याला तेव्हा अजून सोडत होते. ओट्टोलाही धरलं होतं. त्याच्या आईने आजोबांना पत्र लिहिलं. परवान्यासाठी इथल्या कोणीतरी हमी द्यावी लागे, की हा माणूस माझ्याकडे काम करील, सरकारवर त्याचं ओझं पडणार नाही. आजोबांनी सही केली. ओट्टो सुटला आणि फेब्रुवारीत अकोटात आला. इतकी गोष्ट मायाच्या माहेरी लहान पोरांनाही पाठ आहे.

पुढची गोष्ट कोणाला ठाऊक नव्हती. चार वर्षांपूर्वी ती मायाला आजोबांच्या पेटीत सापडली. आल्यावर महिनाभरातच ओट्टोने आणखी एक हमीपत्र भरून आजोबांपुढे ठेवलं होतं, आई आणि बहीण लोटे यांच्यासाठी. सगळे रकाने भरलेले होते, सही तेवढी नव्हती. मागे आजोबांच्या हातचं लिहिलेलं होतं : भावकी म्हणते एक गोरा पोसला तो पुरे, दोन बाया घरात आणल्या तर आपल्या पोरींची लग्नं कशी जमतील. सही केली नाही, ओट्टोला मात्र सांगितलं, की कागद पाठवला.

सप्टेंबरात लढाई सुरू झाली आणि वाट बंद झाली. त्या दोघी पुढे मारल्या गेल्या.

ओट्टोची मुलगी तामार इस्राएलातल्या हैफाला राहते. त्र्याहत्तर वर्षांची आहे. रागिणीने तिचा पत्ता काढला. तामारबाईंचं एकच विचारणं होतं. त्यांचे वडील मरेपर्यंत म्हणत राहिले, की मी उशिरा हातपाय हलवले म्हणून आई आणि लोटे गेल्या. अकोटात त्याबद्दल काही कागद आहे का?

माया तेव्हा अंथरुणाला खिळली होती. पोटात गाठ होती, डॉक्टरांनी हात टेकले होते. तिने सांगायचं आणि मी फोनवर मराठीत लिहायचं, फोन त्याचं इंग्रजी करतो, असं ठरलं.

"लिवा," ती म्हणाली. "तुमच्या बाबानं येळेवर मांगतलं होतं. माह्या आज्यानं सही नाही केली, अन् कागद धाडला म्हनून खोटं सांगतलं. लिवलं?"

मी लिहून राहिलो, म्हटलं.

"इतकी इंजिनं खोलली तुमी, अन् एक वाक्य खोलता येत नाही?"

मी आजोबांनी ओट्टोला ज्वारीची भाकर खायला कसं शिकवलं ते लिहिलं. जिनिंगचा जुना फोटो जोडला. तामारबाईंच्या प्रश्नाचं उत्तर असं लिहिलं, की त्याबद्दल कागद सापडला नाही.

बंडूचा तेव्हा सत्काराचा बेत चालला होता. तामारबाईंना बोलवायचं, अकोटच्या वाचनालयात त्यांच्या हातून आजोबांचा फोटो लावायचा. तो मला म्हणाला होता, "भाऊजी, ताई बिमार आहे, काही बी बोलते. तुमी नका मनावर घेऊ." पण मी बंडूच्या सांगण्यावरून केलं नाही. मला माझ्या सासुरवाडीचा मोठेपणा आवडत होता. जावई म्हणून मी पहिल्या रांगेत बसणार होतो.

मायाने विचारलं, धाडलं काय? मी धाडलं म्हणालो. कागदांचे फोटोही धाडले म्हणालो. नंतर तिने तीनदा विचारलं, की त्या बाईचं काही उत्तर आलं का. मी म्हणालो, अजून नाही. उत्तर आलेलं होतं. त्यात आभार होते.

बंडू कागद नेईल ही मायाला धास्ती होती. म्हणून तिने लिफाफा गादीच्या खोळीत सरकवला होता. तो सरकवायला तिला हात मीच दिला होता.

तिसऱ्या दिवशी बंडूने गादी गुंडाळून दोरीने बांधली. खोळीच्या तोंडातून लिफाफ्याचं खाकी टोक बाहेर आलं होतं. मी ते पाहिलं. गादी ऑटोत ठेवली आणि ऑटो सुरू होईना. ड्रायव्हरने चारपाच वेळा प्रयत्न केला. मी ओट्यावरून उतरलो, मागे जाऊन पाहिलं, प्लगची वायर ढिली होती. ती मी घट्ट बसवली. टोक माझ्या हातापासून वीतभर होतं. ऑटो सुरू झाला आणि गेला.

तेरवीच्या दिवशी रागिणी म्हणाली, "कागद नाही तर नाही. तुमी तर वाचला होता ना, बाबा?"

मी हो म्हणालो. ती नागपूरला परत गेली आहे. रोज फोन करते, पण तामारबाईंना लिहिलं का, हे विचारत नाही.

तामारबाई बारा जानेवारीला येत आहेत. बंडूने पत्रिका छापल्या, त्यात माझं नाव आहे. रागिणीला मी ऑटोचं सांगितलेलं नाही. मायाने सांगितलेलं वाक्य तामारबाईंना अजून पाठवलेलं नाही.