पाय कोण मारतंय

जाईच्या सोनोग्राफीत बाळाचा मेंदू घडलाच नसल्याचे दिसले होते. तरीही पुसेगावात तिची ओटी थाटात भरली गेली. यंत्र चुकू शकते, सासू नव्हे.

"मेंदू न्हाई म्हनं! मग ह्ये पाय कोन मारून राहिलं?" सासू गंगूताईंनी विचारले. बायका हसल्या.

उत्तर फक्त नणंद देवश्रीला ठाऊक होते. महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवताना ती अंड्याच्या कवचाला खिडकी पाडून दाखवी, की मज्जारज्जूची मेंदूशी जोड होण्याआधीच आतले पिल्लू हलू लागते. ती हालचाल पाठीच्या कण्यातल्या एकट्या मज्जारज्जूची असते.

सगळ्या जेवायला उठल्यावर जाईने देवश्रीचा हात आपल्या पोटावर ठेवला.

"ताई, इतकं हलतंय. जगंल ना?"

"न्हाई गं."

"मग सगळ्यांपुढं काहून गप बसल्या?"

देवश्रीच्या तळहाताखाली लाथा चालूच होत्या.