तिसरी मेणबत्ती

तिनं ताटलीत तिसरी मेणबत्ती चिकटवली आणि मी शेवटच्या बाकावर सावरून बसले. या प्रयोगाला एकच मेणबत्ती लागते. अठ्ठावीस वर्षं मी एकीवरच भागवत आले आहे.

ही पोरगी विद्यापीठातली. विज्ञान शिकणाऱ्या मुलांनी पुढे शिक्षक व्हावं, म्हणून विद्यापीठानं आमच्या शाळेशी करार केला आहे. शेवटच्या वर्षाची मुलं सहा आठवडे येतात, आमच्या हाताखाली वर्ग घेतात आणि आम्ही त्यांना गुण देतो. सात वर्षांत माझ्या हाताखालून बारा जण गेले, आणि बाराही जण कंपन्यांत चिकटले. दोन महिन्यांनी मी निवृत्त होणार. माझ्या जागी कुणी मिळालं नाही, तर विज्ञान चित्रकलेच्या सरांच्या गळ्यात पडणार होतं. सर बिचारे आतापासूनच माझी नजर चुकवत होते. हिलाही कंपनीचं पत्र आलं होतं आणि उद्यापर्यंत उत्तर द्यायचं होतं.

शिकाऊ शिक्षक शिकवत असताना आम्ही तोंड उघडायचं नाही, असा करारातला नियम. माझ्यासारख्या बाईला ती शिक्षाच.

तिनं आधी एकच मेणबत्ती पेटवून तिच्यावर पेला उपडा घातला. ज्योत विझली, ताटलीतलं पाणी पेल्यात चढलं. का चढलं, असं तिनं विचारताच अख्ख्या वर्गानं माझं उत्तर घडाघडा म्हटलं. ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्यानं घेतली. मला बरं वाटलं.

मग तिनं तिन्ही मेणबत्त्या पेटवून तोच पेला घातला. पाणी आधीपेक्षा दोन बोटं वर गेलं.

"ऑक्सिजन तर तेवढाच होता," माझ्याकडे न बघता ती म्हणाली. "मग पाणी जास्त का?"

मुलं पेल्यावर वाकली. मी तोंड उघडलं नाही, आणि ते नियमामुळे नव्हे. ज्योतीनं हवा तापते, फुगते, थोडी बाहेर निसटते. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकसते, म्हणून पाणी चढतं. हे सगळं तिनं मुलांकडूनच काढून घेतलं. माझे कान तापले. अठ्ठावीस वर्षं पोरं चुकीचं शिकून गेली, आणि त्यात माझा मुलगाही होता.

पहिल्या बाकावरची आगाऊ मुलगी मागे वळली. "बाई, म्हणजे तुमचं चुकलं?"

फळ्याजवळ शिकाऊ पोरगी पांढरीफटक पडली. तिचे गुण माझ्या हातात होते.

"चुकलं," मी म्हणाले.

"मग पाच वेळा लिहिणार?"

चुकलेलं उत्तर नीट करून पाच वेळा लिहायचं, हा माझाच कायदा. मी वही घेतली आणि लिहायला बसले.

घंटा झाल्यावर शिकाऊ पोरगी माझ्यापाशी आली. या धड्याची तुमची टिपणं वाचल्यापासून घास उतरत नव्हता, म्हणाली. इकडे आड, तिकडे विहीर. "शेवटी वाटलं, शिक्षक व्हायचं नसेल तर गप्प बसता येईल."

"मग?"

"मग कंपनीला नाही म्हणून कळवलं, आणि येताना मेणबत्त्या घेतल्या."

वर्षभर छातीवर बसलेला धोंडा उतरला. माझे डोळे भरून आले आणि ते लपवायला मी वही तिच्यापुढे सरकवली, लाल पेन दिलं.

तिनं पाचही ओळी सावकाश वाचल्या.

"मॅडम, तिसऱ्या ओळीत 'थंड' राहिलंय."

मी निमूट तो शब्द घातला. मग तिनं खाली सही केली.