ठोके कुणाचे?

मी एक जुनी लाकडी नळी आहे. वीतभर लांब, एका टोकाला पसरट, दुसऱ्या टोकाला कान टेकण्यापुरती चकती. कातून, घासून मला गुळगुळीत केले आणि प्रसूतिगृहात आणले. पसरट तोंड आईच्या पोटावर टेकायचे, चकतीला कान लावायचा, की आत बाळाच्या हृदयाची टिकटिक ऐकू येते. मित्रांनो, कितीतरी बाळांची मी जन्माआधीची ओळख!

मग यंत्र आले. पोटावर पट्टा बांधला की पडद्यावर आकडे दिसू लागले. मी कपाटात कापसाच्या डब्यामागे गेले. एक तरुण डॉक्टर मला ‘फुंकणी’ म्हणत. आकडा घसरला की पोट कापून बाळ काढायचे आणि वहीत लिहायचे, ‘ठोके कमी’. बाळ रडले की सगळे खूश. मागे वळून कोणी पाहत नसे.

एकदा मोठ्या डॉक्टरीणबाईंनी सहा महिन्यांतील अशा चाळीस शस्त्रक्रियांचे कागद काढले. नऊ कागदांवर यंत्राचा आकडा आणि आईच्या नाडीचा आकडा एकच निघाला! पट्टा सरकला होता. यंत्र आईचेच ठोके बाळाचे म्हणून दाखवत होते. बाईंनी प्रत्येक डॉक्टरला त्याचे कागद बंद पाकिटात दिले. तरुण डॉक्टरांच्या पाकिटात त्या नऊपैकी चार होते.

“मी कुणाला फासावर देत नाहीये,” बाई म्हणाल्या. “पण दर महिन्याला मोजणार आहे. यापुढे कापण्याआधी नळी आणि नाडी, दोन्ही एकदम.”

आठवड्याभरातच पहिलटकरीण आली. सोबत तिची ताई. दुपारी पडद्यावर आकडा उतरला, अठ्ठ्याऐंशी.

“सिस्टर, ऑपरेशनचं टेबल लावा!” तरुण डॉक्टर ओरडले.

“लावायला सांगितलंय, सर. ते लावेपर्यंत मिनिटभर ऐकू द्या.”

“तेवढ्यात बाळ हातचं जाईल!”

सिस्टरने मला पोटावर दाबले, दुसऱ्या हाताने मनगट धरले. नजर घड्याळावर ठेवली.

“अहो, कुणीतरी बोला ना!” ताई रडकुंडीला आली.

मनगटावर अठ्ठ्याऐंशी. माझ्यात भरभर टिकटिक, एकशे चाळीस. डॉक्टरांचा विश्वास बसेना. ते स्वतः वाकले. घामेजलेला, गरम कान पहिल्यांदाच मला टेकला. त्यांनी पूर्ण मिनिट मोजले. मग आणखी एक.

“बाळ छान आहे,” ते हळूच म्हणाले. “पट्टा सरकलाय. थांबूया.”

मग दर पाच-दहा मिनिटांनी ते ऐकत राहिले. टेबल मात्र तयारच ठेवले होते. संध्याकाळी बाळ आपल्या वाटेने आले.

“मघाशी एवढी धावपळ कशाला केलीत?” ताईने विचारले.

डॉक्टरांनी हातमोजे काढले. “आम्ही चुकत होतो,” ते म्हणाले.

मित्रांनो, कापणे वाईट नाही. पुढच्याच महिन्यात एक बाळ खरोखर मंदावले, तेही मीच सांगितले, आणि शस्त्रक्रियेनेच ते वाचले. माझे मागणे एवढेच आहे. तुमची चूक मोजून दाखवणाऱ्यावर रुसू नका. कान जवळ आणा, आणि पूर्ण मिनिट ऐका.