पाठीवरची आत्या

"घंटी पण लाव," आत्या म्हणाली, आणि मी कात्री टेबलावर आपटली.

"घंटी? आत्या, तू सॅकमध्ये बसणार आहेस, सायकलवर नाही."

"समोरून कोणी आलं तर?"

"समोर बघायला माझा नवरा आहे. तू उलटी बसणार, मागे तोंड करून."

"मग मागून कोणी आलं तर?"

आता या बाईला काय सांगायचं, सांगा!

मी डोंगर चढणाऱ्यांसाठी पाठीवरच्या सॅक शिवते. हलक्या. इतक्या हलक्या की गिऱ्हाईक सॅक उचलतं आणि आपल्या हातात नक्की काही आलं का, म्हणून खाली वाकून बघतं. जे नसलं तरी चालतं ते नसलंच पाहिजे, हा माझा खाक्या. बाजूचा कप्पा? उडवला. दुसरी चेन? उडवली. पट्ट्याची लोंबणारी शेपटं तर मी दिसली की कापते, परवा ओळखीच्या एकाच्या सॅकची भर रस्त्यात कापली. तो अजून बोलत नाही माझ्याशी.

आणि आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. मला शिवण तिनंच शिकवलं आणि डोंगरही तिनंच दाखवला. पण तिचं सगळं उलटं. तिला हातात धरायची पर्ससुद्धा आठ कप्प्यांची लागते आणि त्यातल्या सात कप्प्यांत काय आहे हे तिलाही माहीत नसतं. पूर्वी दर रविवारी ती मला घेऊन गावामागचा डोंगर चढायची. मग तिचे गुडघे गेले. तेव्हापासून ती स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून डोंगर बघते.

महिन्यापूर्वी आमच्याकडे जेवताना ती एकदम म्हणाली, "इथून डोंगर बघून बघून कंटाळा आला बाई. मला एकदा डोंगरावरून माझी खिडकी बघायचीय."

माझा नवरा भात कालवत सहज म्हणाला, "त्यात काय? मी नेतो पाठीवर."

नवरा पोस्टमन आहे. चालण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही.

"जावयाच्या पाठीवर?" आत्यानं कानांवर हात ठेवले. "लोक तोंडात शेण घालतील माझ्या! अगदी काहीतरीच!" आणि मग त्याच दमात, "कधी जायचं?"

झालं. मी कामाला लागले. नवऱ्यानं वाळूच्या पिशव्या पाठीवर घेऊन आमच्या जिन्यावर तालीम केली. पंचेचाळीस किलोपर्यंत तो हसत चढायचा. शेहेचाळीसला हसू जायचं. सत्तेचाळीसला जिन्यातच बसून राहायचा. आत्या एक्केचाळीस किलोची. म्हणजे सॅकच्या वाट्याला आले चार. त्यात ॲल्युमिनियमची चौकट, पट्टे, कापड, आणि बसायला फळी. फळीला तर मी ड्रिलनं भोकंच भोकं पाडली, तेवढंच वजन कमी.

आणि आत्या रोज येऊन नवीन फर्माईश करायची. पाय ठेवायला पट्टी हवी. छत्री अडकवायला नळी हवी. चष्म्याला कप्पा, रुमालाला कप्पा, पेल्याला कडी. हात टेकायला काहीतरी.

"खुर्ची शिवू का? मागे पंखाही लावते."

"लावशील?"

"आत्या!"

"अगं, तू मला न्यायला निघालीस की पार्सल करायला? माणूस आहे मी. थोडं सुख नको?"

"सुखाचंही वजन असतं."

"तुझ्या डोक्याचं मात्र काहीच नाही," असं म्हणून ती तरातरा निघून जायची आणि दुसऱ्या दिवशी परत हजर. शेवटी मी दोन गोष्टी दिल्या. पायांना पट्टी, आणि फळीवर दोन बोटं जाडीचा फोम. त्या फोमसाठी आमची अशी जुंपली होती की शेजारीण मध्ये पडायला आली आणि फोमच्या बाजूनं बोलून गेली. फोम घेतला म्हणून खांद्याच्या पट्ट्यांमधलं भरण मी काढून टाकलं. कुठून तरी वजन काढायलाच हवं. "पट्टे रुततील थोडे," मी नवऱ्याला म्हटलं. तो म्हणाला, "रुतू देत."

निघायच्या आदल्या दिवशी आत्या सॅक घरी घेऊन गेली. म्हणे, नीट बघते, सवय करते. मला वाटलं, गुपचूप घंटी लावणार. म्हणून सकाळी ती आल्या आल्या मी आधी सॅक काट्यावर टाकली. चार किलो. बरोब्बर चार. ना कमी ना जास्त. मी मनातल्या मनात तिची माफी मागितली.

मग काय वरात निघाली म्हणता! नवरा पुढे तोंड करून, आत्या मागे तोंड करून, आणि मी मागून, म्हणजे आत्याच्या अगदी समोर. गल्लीतल्या दुकानदारानं विचारलं, "काय आत्या, कुठं?" "मला काय विचारतोस? माझं तोंड इकडे आहे!" एक कुत्रं आमच्या मागे लागलं आणि आत्या त्याच्याशी पार पुलापर्यंत गप्पा मारत आली. येणाऱ्याजाणाऱ्याला ती हात हलवत होती. मला लाजही वाटत होती आणि हसूही आवरत नव्हतं.

चढ लागला आणि तिची तक्रारींची पेटी उघडली. ऊन डोळ्यांवर येतं. जावईबापू डावीकडे झुकतात. पायाला मुंग्या आल्या. तहान लागली. आता पाणी जास्त झालं. मी गालातल्या गालात हसत विचारलं, "आणि बसायला कसं वाटतंय?"

"अगदी गादीवर बसल्यासारखं," ती म्हणाली.

"बघ! एवढा फोम पुष्कळ झाला की नाही?"

"झाला बाई. तू शहाणी, मी वेडी."

आत्या माझ्यापुढे हार मानतेय! मी तर हवेतच चालायला लागले. वरून नवरा म्हणाला, "आणि पट्टे काय मस्त झालेत! जरासुद्धा रुतत नाहीत." "शिवलेत कोणी?" मी मान ताठ करून म्हटलं.

अर्ध्या वाटेवर मात्र त्याचं हसू गेलं. एका खडकावर त्यानं सॅक टेकवली आणि तो फुसफुसत उभा राहिला. माझा काटा खोटं बोलणार नाही, मग जड काय झालं? मी आत्याचे खिसे तपासले. एका खिशातून पितळी पेला निघाला. दुसऱ्यातून अडकित्ता. कमरेला बांधलेली घडीची छत्री. स्वेटरच्या आतून, हो, घंटी.

"आत्या, तू जावयाला मारणार आहेस का?"

"काट्यावर सॅक ठेवलीस, मला कुठं ठेवलंस?"

नवरा इतका हसला की खाली बसला. आम्ही सगळं एका झाडाच्या फांदीला टांगलं, उतरताना घ्यायचं म्हणून. आत्या जोशात आली होती. "कवळी काढू? पावशेर तरी असेल."

"कवळी राहू दे, वर फोटो काढायचाय!"

घंटी त्या झाडावर वाऱ्यानं वाजत राहिली आणि आम्ही वर पोचेपर्यंत ती ऐकू येत होती.

माथ्यावर नवऱ्यानं तिला सॅकसकट हळूच कठड्याच्या दगडावर टेकवलं आणि घराच्या दिशेनं तिचं तोंड केलं. खाली छपरांची नुसती गर्दी. मला माझंच घर सापडेना. आत्यानं क्षणात बोट दाखवलं. "ती बघ." एका खिडकीबाहेर भडक पिवळी चादर फडफडत होती. सकाळी निघताना ती बांधून आली होती.

चादरीवरून तिची नजर हलेना. मग म्हणाली, "एवढुशी आहे गं. आणि मी इतकी वर्षं तिच्यात मावत होते." तिचे डोळे भरून आले, माझे तर वाहतच होते. नवरा उगाच बुटाची नाडी सोडून परत बांधत बसला.

मग तिला दगडावरच जरा मोकळं बसवावं म्हणून मी तिच्याखाली हात घातला आणि तिला उचललं. माझी बोटं थेट फळीच्या भोकांत गेली.

फोम नव्हता.

मी सॅक उलटीपालटी केली. मग खांद्याचे पट्टे दाबले. मऊ, फुगलेले. कडेला बारीक हातशिलाई, आणि शेवटचा टाका तीनदा मारलेला. शेवटचा टाका तीनदा मारणारं माणूस माझ्या ओळखीत एकच आहे. तिनंच मला तो शिकवला आणि मी वजन नको म्हणून सोडून दिला. फोम इथला तिथे गेला होता, म्हणून काट्याला काही कळलं नव्हतं.

"आत्या! अख्खा डोंगर नुसत्या फळीवर? त्या भोकांवर?"

"हळू बोल. त्याला कळलं तर उतरताना तो पट्टे फाडून फोम परत देईल." तिनं माझा हात दाबला. "त्यानं मला पाठीवर घेतलं, मी थोडं बुडावर घेतलं. फिट्टंफाट."

"मग आठ दिवस माझ्याशी भांडलीस कशाला त्या फोमसाठी?"

"न भांडता तू दिला असतास का?"

मला रडू की हसू कळेना, मी दोन्ही केलं. माझ्याजवळ तिच्याखाली घालायला काहीसुद्धा नव्हतं. मी माझ्या तोऱ्यात फक्त पाण्याची बाटली घेऊन आले होते. अंगावर तेवढं जाकीट होतं. मी ते काढलं, चार घड्या घातल्या आणि फळीवर ठेवलं.

"अगं, थंडी वाजेल तुला," आत्या म्हणाली. "आणि वजन वाढेल ना."

"वाढू दे," मी म्हटलं. "बस."