तिसरी अट

नणंदेचं बाळ दिवस भरायच्या आतच आलं. ओंजळीत मावेल एवढा जीव, काचेच्या पेटीत. तिला दूध उतरेना, म्हणून डॉक्टरांनी दूधपेढीतून मागवायला सांगितलं. इतर आयांनी दिलेलं दूध तिथे तपासून, गोठवून ठेवतात.

त्या पेढीची वेबसाइट मीच बनवलेली. दुपारी तिथल्या सिस्टरचा फोन आला. "मॅडम, यादी रिकामी दिसतेय. साइट रुसली की काय?"

लेक मांडीवर पीत होती. एका हाताने लॅपटॉप उघडला. डेटाबेसमधून बाटल्यांच्या नोंदी काढताना साइटमागचं फ्रेमवर्क मी लिहिलेल्या तीन अटींची चाळणी लावतं: मुदत शिल्लक हवी, बाटली कुणाला दिलेली नको, तपासणी 'ठीक' हवी. घोळ शोधायचा तर माझ्याकडच्या प्रतीत एकेक अट उचलून बघायची. पहिल्या दोन्ही उचलल्या तरी काही फरक पडला नाही. तिसरी उचलली आणि पडदा भरून गेला. नोंदी होत्या, पण साऱ्यांचा तपासणीचा रकाना कोरा.

"लॅबचं मशीन बंद पडलंय ना," सिस्टर म्हणाल्या. "दुरुस्तीवाला उद्या येतो म्हणालाय. त्याचा उद्या कधी उगवतो बघायचं."

म्हणजे बिघडलं काहीच नव्हतं. यादीत खाली माझाच दाता क्रमांक दिसला. लेकीचं पोट भरून उरलेलं मीही देत होते.

तेवढ्यात नणंदेचा फोन. "वहिनी, सापडलं?"

"आहे गं, माझंही आहे. पण तपासलेलं नाही, म्हणून साइटच्या अटीत अडकलंय."

"तुझं कशाला तपासायला हवं? तुझी लेक बघ कशी गुटगुटीत आहे. ती अट काढून टाक ना. साइट तुझी, तुझं ऐकेलच."

"तुझा भाऊ तरी ऐकतो का माझं?"

ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली.

साइटवरची एक ओळ पुसायची होती. पडद्यावर दिसलं की सिस्टर बाटली देणार, त्यांचा भरवसा त्या पडद्यावरच. कोरा रकाना म्हणजे 'वाईट' नव्हे. पण 'ठीक'ही नव्हे. त्या एवढ्याशा आतड्याला माझ्या दुधातलं काय बाधेल, मला तरी कुठे ठाऊक?

तिचं रडणं ऐकून मला पान्हा फुटला. दुसऱ्या बाजूचा गाऊन भिजत गेला, तो दाबून धरताना हातही. त्याच ओल्या हाताने मी तिसरी अट जागेवर ठेवली. यादी परत रिकामी.

"काढलीस का, वहिनी?"

"नाही गं."

फोन तिने ठेवला नाही, मीही नाही.